ग्रामपंचायतीच्या सेवा ऑनलाइन आणताना : नव्याने कामाला लागलेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

विदर्भातल्या खेड्यात माणसाचा सरकारशी येणारा संबंध बहुतेक वेळा एखादा दाखला, उतारा किंवा पावती एवढाच असतो, आणि त्या एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी गेलेल्या माणसाला तो कागद पहिल्याच फेरीत मिळेल याची खात्री नसते. ही फेरी वाचवणे, हा डिजिटल कारभाराचा खेड्यापुरता खरा अर्थ आहे. नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, आपले सरकार सेवा केंद्राचे नवे चालक आणि गावासाठी काही करू पाहणारे शिकलेले तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. संगणकाचे खास शिक्षण नसले तरी येथे सांगितलेली कामे करता येतात. त्यासाठी चिकाटी मात्र लागते.

सुरुवातीलाच एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील, मेळघाटातले हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून जाहीर झाले. दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि शाळेतील डिजिटल शिक्षण अशा सोयी तेथे आणल्या गेल्या. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात त्या सोयी प्रत्यक्षात कितपत चालू आहेत, यावरून जाहीर वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू खरी होती हा येथे विषय नाही. परंतु यंत्रे बसवणे आणि ती वर्षानुवर्षे चालती ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची तरतूद केल्याशिवाय पहिल्याला हात घालू नये, एवढे त्यावरून निश्चित ध्यानात येते.

पहिली पायरी : कोणता कागद कोणाकडे मिळतो, हे पक्के करा

लोकांच्या निम्म्या फेऱ्या चुकीच्या दारात गेल्यामुळे वाया जातात, असे माझे मत आहे. शेतीचा सातबारा आणि ८-अ हे महसूल खात्याचे उतारे आहेत. सातबारा एका गटाची किंवा भूमापन क्रमांकाची माहिती देतो, तर ८-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातील सगळी जमीन एकत्र दिसते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा यांपेक्षा अगदी वेगळा कागद असून ती घरांच्या व इतर मिळकतींच्या कर आकारणीची नोंदवही आहे. घरकुलासाठी ‘आठचा उतारा आणा’ असे सांगितल्यावर कास्तकार ८-अ घेऊन येतो आणि परत पाठवला जातो, हे नेहमी घडते. त्यामुळे केंद्राच्या भिंतीवर या दोन उताऱ्यांचे नमुने शेजारी शेजारी लावून ठेवावेत.

ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या सेवांत जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले, नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला आणि निराधार असल्याचा दाखला यांचा समावेश होतो. उत्पन्न, जात, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर यांची प्रमाणपत्रे महसूल यंत्रणेकडून मिळतात. त्यांचा अर्ज गावातल्या केंद्रातून भरता आला तरी निर्णय तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात होतो. केंद्रचालकाने अर्जदाराला हा फरक पहिल्याच भेटीत सांगितला पाहिजे, कारण आपला अर्ज कोणाच्या टेबलावर आहे हे माहीत नसेल, तर विचारपूस कोठे करायची हेही कळत नाही.

सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र केंद्रापर्यंत यायचीही गरज बरीच कमी झाली आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला असून तो कायदेशीर कामांसाठी चालतो. विनास्वाक्षरी उतारा केवळ माहितीसाठी असतो, तो बँकेत किंवा न्यायालयात चालत नाही. त्याच व्यवस्थेत ‘आपली चावडी’ या नावाने फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाच्या, नोटिसा पाहता येतात. आपल्या जमिनीवर कोणी फेरफार टाकला आहे काय, हे महिन्यातून एकदा पाहण्याची सवय गावातल्या तरुणांनी आपल्या घरच्यांसाठी लावून घ्यावी. हरकत घेण्याची मुदत मर्यादित असते आणि ती उलटून गेल्यावर होणारे वाद वर्षानुवर्षे चालतात.

दुसरी पायरी : संगणकापूर्वी नोंदवही दुरुस्त करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. ग्रामपंचायतीचा कारभार १ ते ३३ या क्रमांकांच्या ठरावीक नमुन्यांमध्ये लिहिला जातो. नमुना ८ मध्ये कर आकारणी, नमुना ९ मध्ये कराची मागणी आणि नमुना १० ही कराची पावती, अशी ही साखळी आहे. नमुना ८ मध्ये मयत आजोबांचे नाव राहिले असेल, घराचे दोन भाग झाले असूनही नोंद एकच असेल किंवा आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर ही सगळी गफलत संगणकात जशीच्या तशी उतरते. उलट आता ती छापील स्वरूपात आल्यामुळे अधिक खरी वाटू लागते आणि दुरुस्त करायला अधिक अवघड होते.

म्हणून एकेका वॉर्डाची यादी छापून घ्यावी आणि ती घरोघरी नेऊन वाचून दाखवावी. हे काम खरिपाच्या पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या हंगामात ठेवू नये, कारण घरी कोणी सापडत नाही. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांतही हीच अडचण असते. मेळघाटातील आणि यवतमाळच्या काही भागांतील कुटुंबे कामासाठी बाहेर जातात. त्यांच्या परतीचा काळ गावाला माहीत असतो, त्यानुसार फेरी ठरवावी. घरावर पती आणि पत्नी अशी दोघांची नावे लागावीत यासाठीही हीच वेळ योग्य आहे, कारण पुढे वारसाचा किंवा घरकुलाचा प्रश्न आला की एकट्या बाईला या नोंदीचाच आधार असतो. प्रत्येक दुरुस्तीला कागद लागतो, आणि जेथे दोन भावांमध्ये वाद आहे तेथे सदस्यांनी किंवा केंद्रचालकाने आपल्या मनाने नाव चढवू नये. तो विषय रीतसर अर्जाने आणि मासिक सभेच्या ठरावानेच सुटावा.

गावठाणातील मिळकतींसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेचा येथे उपयोग होतो. या योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. ड्रोन उडण्यापूर्वी प्रत्येकाच्या जागेची हद्द चुन्याने आखली जाते. त्या दिवशी घरमालक हजर नसेल तर हद्द शेजारी सांगेल तशी पडण्याची भीती असते. तुमच्या गावाची मोजणी व्हायची असेल, तर तारीख कळताच दवंडी द्यावी, फोन करावेत आणि बाहेरगावी असलेल्यांना आठवडाभर आधी कळवावे. मोजणी झालेली असेल, तर मिळकत पत्रिका आणि नमुना ८ यांतील नावे व क्षेत्रफळ ताडून पाहावे आणि तफावतीची यादी करून ठेवावी.

जन्माच्या नोंदीतली एक अडचण आपल्याकडे विशेष आढळते. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि जन्माची नोंद मात्र जेथे जन्म झाला त्याच ठिकाणी होते. आई सासरी परतल्यावर सासरच्या ग्रामपंचायतीत दाखला मागितला जातो आणि तो मिळत नाही. जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. त्यानंतर विलंब शुल्क लागते आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला असून, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा धरला जाणार आहे. त्यामुळे बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये. नाव नंतर घालता येते, आणि बारा महिन्यांच्या आत त्यासाठी शुल्क लागत नाही. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांना ही माहिती आधी द्यावी, कारण बाळंतिणीच्या घरी सर्वांत आधी त्याच पोहोचतात.

तिसरी पायरी : एकच सेवा निवडून ती पूर्ण करून दाखवा

सगळ्या सेवा एकाच वेळी ऑनलाइन आणण्याची घोषणा करू नये. गावाला सर्वांत जास्त लागणारी एक सेवा निवडावी. बहुतेक गावांत तो नमुना ८ चा उतारा किंवा जन्मदाखला असतो. अर्ज घेतल्यापासून कागद हातात पडेपर्यंतचा सगळा मार्ग दोन-तीन महिने नीट चालवून पाहावा आणि मगच दुसरी सेवा घ्यावी.

या मार्गावरची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे अर्जाची पोच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि अर्ज घेतल्याची पोच देणे बंधनकारक आहे. मुदतीची मोजणी पोचेवरच्या तारखेपासून होते. ‘साइट बंद आहे, उद्या या’ असे तोंडी सांगून माणूस परत पाठवला, तर त्याच्या हाती काहीच राहत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने त्याने अर्जच केलेला नसतो. यासाठी केंद्रात एक साधी वही ठेवावी. वीज गेली किंवा रेंज नसली, तरी कागद घेऊन वहीत नोंद करावी, अर्जदाराला तारीख आणि सही असलेली चिठ्ठी द्यावी आणि यंत्रणा चालू होताच तो अर्ज चढवून खरा अर्ज क्रमांक फोनवर कळवावा. अर्थात ही वहीतली चिठ्ठी पोर्टलवरील पोचेची जागा घेऊ शकत नाही. तिचा उपयोग माणसाची दुसरी फेरी वाचवण्यापुरता आहे, हेही स्पष्ट सांगावे.

त्याच कायद्याने प्रत्येक कार्यालयाने सेवांची यादी, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी (सेवा न मिळाल्यास ज्याच्याकडे दाद मागायची तो) यांची माहिती फलकावर लावणे आवश्यक केले आहे. हा फलक कार्यालयाच्या आतल्या खोलीत असू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, सुटीच्या दिवशीही वाचता येईल अशा जागी, मोठ्या अक्षरांत असावा. शुल्काचा आकडा बदलला की फलक त्याच दिवशी बदलावा. फलकावरच्या दरापेक्षा जास्त पैसे कोणी मागितले, तर पावती मागावी.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे, आणि जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की सगळा तालुका एकाच वेळी तो मागतो. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांची यादी मार्च-एप्रिलमध्येच करून, त्यांना लागणारे दाखले निकालापूर्वी काढून ठेवण्याची मोहीम घेतली, तर एका छोट्या गावातही अनेक घरांची धावपळ टळते. उत्पन्नाचा दाखला मात्र नव्या आर्थिक वर्षाचा लागणार आहे काय, हे आधी विचारून घ्यावे, नाही तर केलेले काम पुन्हा करावे लागते.

चौथी पायरी : गावाचा पैसा गावाला दाखवा

ई-ग्रामस्वराज हे पोर्टलही २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायत राज दिनी सुरू झाले. गावाचा विकास आराखडा, त्यातील कामे आणि झालेला खर्च यांची माहिती त्यावर कोणालाही पाहता येते. त्यासाठी लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत असा क्रम निवडत गेले की आपल्या गावाचे पान उघडते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या कालावधीतील निधीपैकी ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेला होता आणि उरलेला ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी होता. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला देण्यात आला. नव्या सदस्याने मागच्या दोन-तीन वर्षांचा आराखडा आणि खर्च छापून घ्यावा, तो हातात धरून गावात फिरावे, आणि कागदावरची नाली व प्रत्यक्षातली नाली एकच आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

या व्यवस्थेत पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी निघतात. पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत, तेच हे ग्रामपंचायत अधिकारी. स्वाक्षरीचे छोटे उपकरण, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, ते आणि त्याचा पासवर्ड ही सरपंचाची सहीच आहे. ते केंद्रचालकाच्या टेबलाच्या खणात राहू नये. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि सरपंचताईंचे डोंगल पतीच्या किंवा दिराच्या खिशात असणे ही अजूनही अनेक गावांतील वस्तुस्थिती आहे. प्रत्येक सरपंचताईने, आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने, हे बदलण्यास सुरुवातीलाच हात घालावा असे मला मनापासून वाटते. संगणक येत नसेल तर शेजारी बसून प्रत्येक देयक मोठ्याने वाचून घ्यावे, कोणाला, किती आणि कशासाठी हे विचारावे, आणि मग पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा. ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये. चौकशी झाली तर जबाबदारी ज्याच्या नावाची स्वाक्षरी आहे त्याच्यावर येते.

पोर्टलवर आकडे असले म्हणजे ते गावाला कळले असे होत नाही. ग्रामसभेत ते वाचून दाखवावे लागतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणत सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत घडवली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. त्यामागे कोणतेही पोर्टल नव्हते, बसून बोलण्याची आणि नोंद ठेवण्याची शिस्त होती. ज्या गावात ही शिस्त आहे तेथे ई-ग्रामस्वराजचा उपयोग लगेच होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभांपूर्वी मागच्या तिमाहीचा जमाखर्च एका पानावर सोप्या भाषेत उतरवून घ्यावा. महिलांची सभा आधी होते, तेथेही तो वाचावा. शक्य असेल तेथे शाळेचा प्रोजेक्टर मागून घेऊन पोर्टलचे पानच भिंतीवर दाखवावे. लोक प्रश्न विचारतात, काही प्रश्न टोकदार असतात आणि सदस्यांना ते आवडत नाहीत. तरीही हे टाळू नये.

घरपट्टी आणि पाणीपट्टी क्यूआर कोडने घेण्याची सोय आता सहज करता येते. कोड ग्रामपंचायतीच्या अधिकृत बँक खात्याचाच असावा, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्याचा कधीही नसावा, आणि फोनवर ‘पैसे पोचले’ असे दिसले तरी नमुना १० ची पावती दिलीच पाहिजे.

पाचवी पायरी : फोन नसलेल्या माणसासाठी वाट ठेवा

गडचिरोलीतील माडिया, मेळघाटातील कोरकू, यवतमाळमधील कोलाम आणि अनेक जिल्ह्यांतील गोंड कुटुंबांसाठी पोर्टलवरची मराठीही घरची भाषा नसते. अशा गावांत केंद्रचालक किंवा त्याचा मदतनीस ती भाषा बोलणारा असावा, आणि तसा कोणी नसेल तर बचत गटातील एखादी शिकलेली मुलगी ठरावीक दिवशी केंद्रात बसेल अशी व्यवस्था ग्रामसभेच्या ठरावाने करावी. तिला मानधन द्यावे. फुकटच्या सेवेवर उभी राहिलेली व्यवस्था पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

भारतनेट या सरकारी योजनेतली इंटरनेटची तार अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे, परंतु रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की जोडणी कोणी आणि कधी करायची याचे उत्तर गावात कोणाकडेच नसते. म्हणून तार पंचायत कार्यालयात कोठे येते, उपकरणाला वीज कोठून मिळते आणि बिघाड कोणाला कळवायचा, या तीन गोष्टी लिहून त्याच पेटीजवळ चिकटवून ठेवाव्यात. पर्याय म्हणून ज्या मोबाइल कंपनीची रेंज गावात बरी आहे तिचे एक सिम ठेवावे. इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आराखड्यात आधीच धरावा. रेंज गावाबाहेरच्या टेकाडावरच मिळत असेल, तर आठवड्यातून एक दिवस अर्ज एकत्र करून बाजाराच्या गावी जाऊन चढवणे हाही चालण्याजोगा मार्ग आहे.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, आणि शेतातल्या पिकाची नोंद कास्तकाराने स्वतः मोबाइलवरून करायची असल्यामुळे ज्याच्याकडे साधा फोन आहे तो मागे पडतो. अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी किंवा हमीभावाने माल विकताना सातबाऱ्यावर सोयाबीन की कापूस, हा प्रश्न येतो आणि तेव्हा नोंद नसल्याचे लक्षात येते. गावातल्या पाच-सहा तरुणांनी शिवार वाटून घ्यावे आणि वृद्ध, विधवा व बाहेरगावी असलेल्या कास्तकारांची नोंद, त्यांना विचारून, वावरात प्रत्यक्ष उभे राहून करून द्यावी. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये, कारण तेव्हा ॲपवर गर्दी होते.

सहावी पायरी : लोकांची माहिती जपा

आधारची, बँक पासबुकाची आणि जातीच्या दाखल्याची छायाचित्रे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी. अर्ज भरून झाला की केंद्राच्या संगणकातील प्रती पुसाव्यात. जेथे चालेल तेथे पहिले आठ अंक झाकलेला आधार वापरावा. घरकुलाच्या किंवा अनुदानाच्या नावाने फिरणाऱ्या लिंक गटावर आल्या, तर त्या कोणी उघडण्यापूर्वी खोट्या असल्याचे सांगावे. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा क्रमांकही बाहेरच्या फलकावर लिहून ठेवावा.

सातवी पायरी : मुदत उलटल्यावर काय करायचे

अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही किंवा नाकारला गेला, तर आधी कारण लेखी मागावे. सेवा नाकारताना कारण लेखी देणे बंधनकारक आहे. त्यानंतर ३० दिवसांच्या आत पहिले अपील त्याच खात्याच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, मग दुसरे अपील द्वितीय अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि शेवटी ६० दिवसांच्या आत तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येते. विदर्भासाठी आयोगाचे आयुक्त नागपूर आणि अमरावती विभागांत आहेत. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सदस्यांनी अपिलाचा एक भरलेला नमुना केंद्रात ठेवावा, कारण ‘अपील’ हा शब्द ऐकूनच लोक कोर्टकचेरीच्या धास्तीने मागे सरतात, वास्तविक तो एका पानाचा अर्ज असतो आणि त्याला वकील लागत नाही.

ज्यांचे गाव नगरपंचायतीत गेले आहे, त्यांच्यासाठी कार्यालय आणि अधिकाऱ्यांची पदे वेगळी असली, तरी पोच, मुदत आणि अपील यांची रीत हीच आहे. तेथे कर आकारणीच्या जुन्या नोंदी ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे जाताना काही घरे सुटतात किंवा दुबार चढतात. आपली मिळकत नव्या यादीत आहे का, हे पहिल्या मागणी बिलाच्या वेळीच तपासून घ्यावे आणि नसल्यास जुना नमुना ८ व शेवटची कर पावती जोडून लेखी अर्ज द्यावा.